फेरीत सुटलेली एकोणीस घरं

जुन्नरच्या पेठेत चांद आतार शिलाईची मशिनं दुरुस्त करतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांची थोरली मुलगी रुमाना काय करते, हे विचारलं की मात्र माणसं एकमेकांकडे बघतात. तिची आई जैबुन्निसा 'कॉम्प्युटरचं' एवढंच सांगून विषय मिटवते. पगाराचं काम पुण्याच्या एका कंपनीचं, ते रुमाना घरूनच करते. पण तिचा जीव अडकलाय तो बिनपगारी कामात, आणि ही हकिकत त्याच कामाची आहे.

त्या कामाचं नाव 'फेरी'. प्रोग्रॅम लिहिणारी माणसं प्रत्येक गोष्ट नव्याने लिहीत बसत नाहीत. दुसऱ्या कुणी नीट लिहून, तपासून सगळ्यांसाठी खुला ठेवलेला कोड ती आपल्या प्रोग्रॅमला जोडून घेतात. अशा कोडला लायब्ररी म्हणतात. फेरी ही तशी एक छोटी लायब्ररी. कॉम्प्युटरवर फोल्डर असतात, फोल्डरच्या पोटात आणखी फोल्डर असतात, त्यांच्या पोटात फायली. फेरीला एका फोल्डरच्या दारात उभं केलं की ती आत शिरते, एकेक फाइल आणून तुमच्या हातात देते, पोटातल्या फोल्डरात उतरते, तिथलं आटोपून वर येते आणि पुढच्या दाराकडे वळते. ऐकायला हे काम सोपं वाटतं. प्रत्यक्षात कुठे आत जायची परवानगी नसते, कुठे एक फोल्डर दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि दुसरा परत पहिल्याकडे, आणि प्रोग्रॅम तिथेच गरगरत बसतो. या सगळ्यातून फेरी न अडखळता जायची, आणि रुमानाला त्याचा अभिमान होता. तो ती लपवायचीही नाही.

जगभरातली काही हजार माणसं फेरी वापरत होती. त्यांतलं एकही माणूस तिने पाहिलेलं नव्हतं. ती कामाला वाघ, पण स्वभावाने तिखट. कुणी चूक दाखवली तर आधी समोरच्यालाच नीट वाचायला सांगायची.

एक गोष्ट तिने अगदी सुरुवातीलाच ठरवून टाकली होती. ज्या फोल्डरच्या नावाआधी टिंब असतं, तो फेरीने सोडून द्यायचा. काही यंत्रणांमध्ये असं टिंब म्हणजे आतलं, वापरणाऱ्याने न बघायचं सामान, असा जुना रिवाज आहे. ज्याला तेही हवं असेल त्याने तसं वेगळं सांगावं. चार वर्षांपूर्वी परदेशातल्या कुणीतरी तक्रार लिहिली होती, की वगळायचं तर वगळा, पण किती वगळले तेवढं तरी सांगत जा, कुणाचं काहीतरी मागे राहील. रुमानाने दोन ओळींत उत्तर दिलं: रिवाज जुना आहे, माहितीपत्रकात लिहिलेला आहे, वाचा. आणि तक्रार बंद केली. त्या दिवशी ती आजारी नव्हती, घाईत नव्हती, कुणाशी भांडून आलेली नव्हती. हे सांगायला हवं, कारण पुढे तिने या सगळ्या सबबी स्वतःसाठी शोधून पाहिल्या.

फेरी जन्मली ती शिनोलीत, सावळेरामकाकांच्या खोलीत. २०१७ साली कॉलेजचं शिबिर तिकडे होतं आणि रुमानाच्या वाट्याला टायपिंगचं काम आलं होतं. सावळेराम आश्रमशाळेत स्वयंपाक करायचे आणि उरलेल्या वेळात डोंगरातल्या वाड्यांचे वनहक्काचे दावे तयार करायचे. आज्यापणज्यापासून भात-नाचणी पिकवलेल्या जमिनी, पण कागदावर जंगल. ती जमीन आपण २००५ च्या आधीपासून कसतोय हे ज्याने त्याने सिद्ध करायचं. त्यासाठी जुनी पावती, जुना दंडाचा कागद, आणि घरच्या माणसाखेरीज दुसऱ्या कुणा म्हाताऱ्याचा जबाब. काका वाडीवाडी हिंडून हे सगळं गोळा करत आणि कॉम्प्युटरमध्ये कुठेही ठेवून देत. एका फायलीसाठी अर्धा दिवस शोधाशोध चालायची. वैतागून रुमानाने चाळीस ओळी लिहिल्या, ज्या एकेका फोल्डरात जाऊन आत काय काय आहे त्याची यादी करत. काका खूश झाले. ते स्वतः जसे दारोदार फिरायचे तसं हे मशीन फिरतंय म्हणाले, म्हणून तिने नाव ठेवलं फेरी.

त्याच शिबिरात एका सकाळी ते दोघं झुंबरबाईच्या वाडीवर गेले होते. झुंबरबाईचा नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, दीड एकराचा उताराचा तुकडा तिने एकटीने कसलेला. शेजारचे धर्माजी तेव्हा नव्वदीचे होते. ते काठी टेकत त्या तुकड्याच्या हद्दीवरून चालले आणि चालता चालता बोलत गेले: कुणी कधी नांगरला, कुठला बांध कुणी घातला. मागून फोन धरून रुमानाने त्याचं चित्रीकरण केलं. दोन वर्षांनी धर्माजी वारले. त्यांचा अंगठा उठवलेला जबाबाचा कागद दाव्याच्या पहिल्या खेपेला जमा झाला होता, तो पुढे कुठे गेला हे कुणालाच सांगता येईना. राहिली ती त्याची कॉम्प्युटरवरची प्रत आणि ते चित्रीकरण, दोन्ही एकाच फोल्डरात. त्या तुकड्याची जुनी माहिती असलेलं दुसरं माणूस आता हयात नव्हतं.

गेल्या दिवाळीत सावळेरामकाकांचा कॉम्प्युटर घरघर करायला लागला. रुमानाने नवीन आणवला आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी स्वतः शिनोलीला जाऊन सगळं हलवून दिलं. फेरी लावली, ती फोल्डर फोल्डर हिंडली आणि तीनशेच्या वर घरांचे कागद नव्या मशीनवर आले. रुमाना बेफिकीर नव्हती. तिने दोन्हीकडच्या फायली मोजून पाहिल्या. जुन्यावर जितक्या, तितक्याच नव्यावर, एकही कमी नाही. मोजायला मात्र तिने फेरीच वापरली होती. डिस्कवर किती जागा भरली आहे एवढं नुसतं बघितलं असतं तरी फरक डोळ्यांत भरला असता, पण आकडा जुळल्यावर कोण बघतंय.

मग तिने जुनी डिस्क पुसली. लोकांचे आधारकार्ड, अंगठे, फोटो होते त्यात आणि ते मशीन आश्रमशाळेच्या मुलांना द्यायचं होतं. साधं पुसलं तर पुन्हा काढता येतं, म्हणून तिने डिस्कवर तीनदा वरून निरर्थक आकडे लिहिले. काकांनी चहा केला, ती पाच वाजता जुन्नरला परतली.

तीन आठवड्यांनी, एका रविवारी सकाळी, काकांचा फोन आला. पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी झुंबरबाईची सुनावणी होती आणि तिचा फोल्डर सापडत नव्हता. तिचाच नव्हे, आणखी काही घरांचेही सापडत नव्हते, एकूण एकोणीस. रुमानाने फोल्डरचं नाव नेमकं कसं लिहिलं होतं ते विचारलं.

"आधी टिंब, मंग झुंबरबाई," काका म्हणाले.

टिंब कशाला, हे तिने फार सावकाश विचारलं. काकांना ते सांगायला थोडा संकोच वाटला, शिकलेल्या मुलीपुढे. बाळाच्या गालाला काजळाची तीट लावतात ना, तशी त्यांनी ती नावाला लावली होती. एका घरचे सगळे कागद पुरे झाले, काही म्हणता काही कमी राहिलं नाही, त्या आनंदात ते चार जणांना सांगत सुटले होते आणि आठवड्यात तो दावा फेटाळला गेला. तेव्हापासून ज्याचं सगळं जुळून आलं त्याच्या नावाआधी ते टिंब देत. त्यांच्या मशीनवर टिंबाची नावं इतर नावांसारखीच दिसायची, त्यामुळे त्यांना कधी काही वावगं वाटलं नाही.

रुमानाला सगळं कळलं. फेरीने अर्धेमुर्धे दावे सांभाळून आणले होते आणि पूर्ण झालेले तेवढे मागे ठेवले होते. आणि जे मागे राहिलं ते तिने तीनदा पुसलं होतं.

ती हे बोलण्याआधीच काकांनी तिला वाट करून दिली. "डबाच जुना व्हता गं. लई घरघर करत व्हता. त्यानंच खाल्लं असंल."

"असेल," रुमाना म्हणाली.

एका शब्दाचं खोटं. बोलून झाल्यावर ती भिंतीला टेकून बसली आणि मनात म्हणत राहिली की संध्याकाळी फोन करून खरं सांगू. संध्याकाळी तिने केलं ते दुसरंच. चार वर्षांपूर्वीची ती बंद केलेली तक्रार उघडली, फेरीचा नियम उलटा केला, टिंबाचे फोल्डरही घ्यायला लावले आणि जगाला कळवून टाकलं की माझ्या हट्टापायी ही लायब्ररी गुपचूप माणसांचं सामान सोडून येत होती, चूक पूर्णपणे माझी. अनोळखी माणसांपुढे हे लिहायला तिला तास लागला नाही. काहींनी आभार मानले, काहींचे प्रोग्रॅम बिघडले म्हणून त्यांनी शिव्या घातल्या. ती सगळ्यांना नम्रपणे उत्तरं देत राहिली. शिनोलीला एक फोन करायचा होता, तो काही तिच्याच्याने झाला नाही.

तिने आपल्या परीने शोधलं. २०१७ चा फोन केव्हाच बदलून झाला होता आणि जागा भरली म्हणून चित्रीकरण तेव्हाच त्यातून काढून टाकलेलं होतं. आश्रमशाळेत जाऊन तिने ती डिस्क पुन्हा तपासली. काही उरणार नाही अशीच तिने ती पुसली होती आणि खरंच काही उरलं नव्हतं.

तिकडे सावळेरामकाका दारोदार जायला लागले होते. एकोणीस घरं, कुठे चढण, कुठे ओढा, भाताची झोडणी चाललेली, माणसं खळ्यावर. प्रत्येक दारात ते सांगत की मशीन वेळेवर बदललं नाही, माझा हलगर्जीपणा झाला, मला माफ करा. रोज फोनवर ते रुमानाला हिशेबासारखं सांगत, आज चार झाली, आज तीन झाली. कुणी पाणी दिलं, कुणी दिलं नाही. एका म्हाताऱ्याने त्यांना पायरीच चढू दिली नाही. रुमाना ऐकायची आणि 'हं' म्हणायची. जेवताना ती ताटावरून अर्ध्यातून उठायची. जैबुन्निसाने दोनदा विचारलं, तब्येत बरी नाही का. चांदभाईंनी काही विचारलं नाही, पण मशिनचे सुटे केलेले भाग पुसता पुसता ते मुलीकडे बघत राहायचे.

अठरा दारं झाली आणि झुंबरबाईचं राहिलं. सुनावणीच्या आदल्या दिवशी काकांनी रुमानाला बोलावलं. एकट्याने जायची त्यांची छाती होत नव्हती. "तू ये," ते म्हणाले. "मशीन गेलं म्हणून तू सांगितलं तर तिला पटंल."

ती गेली. जुन्नरहून घोडेगाव, तिथून शिनोली, पुढे काकांच्या मागून पायवाटेने चढ. वाटेत काका तिलाच धीर देत होते. तुझी दिवाळीची सुट्टी माझ्यापायी वाया गेली म्हणाले. रुमानाने प्रत्येक वळणाला तोंड उघडायचं ठरवलं आणि प्रत्येक वळण तसंच मागे गेलं.

झुंबरबाई अंगणात भात पाखडत होती. सत्तरीला आलेली, अंगाने वाळलेली, नजर धारदार. तिने दोघांना बसायला गोणपाट टाकलं आणि काकांचं सगळं ऐकून घेतलं. ऐकून झाल्यावर तिने सूप खाली ठेवलं.

"चौदा वर्सं तू म्हणशील तो कागुद दिला," ती म्हणाली. "माज्यापाशी एक बी ठिवला न्हाई. तुज्यापाशी हाये, म्हंजी हाये, आसं म्हणायची मी. आन तू डबा बदलला न्हाई."

"चुकलं माजं," काका म्हणाले. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर धरली होती. मग त्यांनी रुमानाकडे वळून पाहिलं, आता तू सांग म्हणून.

रुमानाने सांगितलं. "आजी, डबा चांगला होता. काकांकडून काहीच चुकलं नाही. मी लिहिलेल्या प्रोग्रॅमने तुमचा फोल्डर मागे ठेवला आणि जुनी डिस्क मी माझ्या हाताने पुसली. मला दहा दिवसांपासून माहीत आहे. मी यांच्याशी खोटं बोलले."

काकांच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून ती वाट बघत होती. अठरा दारांत त्यांनी तिच्यासाठी मान खाली घातली होती, ती आता मोकळी व्हावी एवढीच तिची इच्छा होती. पण काका भलतंच काही मनाशी जुळवत होते. त्यांनी विचारलं की तीनशे घरांतून नेमके हेच एकोणीस कसे मागे राहिले. तिला सांगावं लागलं की टिंबामुळे.

"म्हंजी टिंब दिलं नसतं तर?"

"तर आले असते," रुमाना म्हणाली, आणि बोलल्या क्षणी तिला कळलं की खरं सांगून आपण त्यांना सोडवलेलं नाही.

"मंग मीच की," काका पुटपुटले. "ज्यांचं समदं पुरं झालं, त्यांनाच निवडून दिलं मी."

तसं नाही काका, नियम माझा होता, मला एकाने सांगितलंही होतं, असं ती परोपरीने समजावत राहिली. ते मान हलवत होते, पण ऐकत नव्हते. जुन्या डब्याच्या दोषावर ते अठरा दारं हिंडू शकले होते. हा दोष घेऊन ते कुठे जाणार होते, रुमानाला दिसेना. तिला रडू फुटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

झुंबरबाईने तिला रडू दिलं. मग सूप जवळ ओढत विचारलं, "धर्माजी बांधावनं चालला, तवा त्याच्यामागं तूच व्हतीस ना फोन धरून?"

"होते."

"मंग सांग की. काय काय म्हणला तो?"

रुमानाने डोळे पुसले आणि आठवायला लागली. चित्रीकरण बावीस मिनिटांचं होतं. ऊन समोरून येत होतं, म्हणून तिला फोन तिरका धरावा लागला होता. धर्माजी तीन ठिकाणी थांबले होते. त्यांचं डोकं चौकटीबाहेर जाऊ नये म्हणून ती सारखी मागे सरकत होती, एकदा दगडाला ठेचकाळली होती. शेवटी शेवटी फोनमधली जागा संपत आल्याची सूचना आली आणि तिचा जीव टांगणीला लागला होता. हे सगळं तिला लख्ख आठवलं. त्यांनी पहिल्या बांधाशी काय सांगितलं? कुणाचं नाव घेतलं? साल कुठलं म्हणाले? त्यांचे ओठ हलताना दिसत होते. त्यांतून एक शब्द काही केल्या तिच्यापर्यंत येईना. रेकॉर्ड होतंय, मग मी ऐकायचं कशाला, असं काही तिने तेव्हा ठरवलं नव्हतं, पण झालं होतं तसंच.

"आठवत नाही," ती म्हणाली.

झुंबरबाई म्हणाली, "तू तवा बी ऐकत नव्हतीस म्हण की."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिने सूप उचललं आणि पुन्हा भात पाखडायला घेतलं. दोघं निघाले तेव्हा उद्या किती वाजता निघायचं एवढंच तिने काकांना विचारलं.

दुसऱ्या दिवशी सुनावणीला तिघं गेले. काकांनी पांढरा सदरा घातला होता, ते रुमानाशी नेहमीसारखं बोलायचा प्रयत्न करत होते आणि मध्येच गप्प होत होते. बाहेरच्या बाकावर बसून रुमानाने एक जबाब स्वतःच्या हाताने लिहिला. साहेबांनी झुंबरबाईला पुढे बोलावलं, कागद चाळले आणि वडीलधाऱ्याचा जबाब कुठे आहे म्हणून विचारलं. तेव्हा रुमानाने तो कागद पुढे केला. त्यात लिहिलं होतं की २०१७ साली धर्माजी नावाचे वृद्ध गृहस्थ या जमिनीच्या हद्दीवरून चालले, त्यांच्यामागे मी होते. त्याचं चित्रीकरण आणि त्यांच्या जबाबाची प्रत माझ्या चुकीमुळे नष्ट झाली, यात दावेदाराचा किंवा सावळेराम यांचा दोष नाही. ते वीसेक मिनिटं बोलत होते. ते काय बोलले ते मला आठवत नाही.

साहेब माणूस वाईट नव्हता. त्याने तो कागद दोनदा वाचला आणि चष्मा काढून म्हणाला, शेवटचं वाक्य काढून टाकलंत तरी चालेल, त्याने दावेदाराचं नुकसानच होईल. मग त्याने विचारलं, "हे लिहून यांना फायदा काय?"

"काही नाही," रुमाना म्हणाली. "पण त्या बावीस मिनिटांतलं माझ्याकडे एवढंच आहे."

झुंबरबाई शेजारीच उभी होती. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांनी कागद फायलीला लावला आणि पुढच्या सुनावणीला मार्चची तारीख दिली.